बाबा घरीच होते, असं धरून

आमचं गाव हिवरखेड. जवळचं मोठं स्टेशन अकोला, पण बंगलोरची गाडी मी बडनेऱ्याहून धरली, कारण अकोल्याच्या फलाटावर माझे चुलतभाऊ काठ्या घेऊन बसले होते.

शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण पेटलं तेव्हा मी दहा पावलांवर होतो. बाबांनी बैलगाडीची उभारी, तो बाजूचा उभा दांडा, उपसली आणि काकांच्या गुडघ्यावर हाणली. काका पडले तरी बाबा थांबले नाहीत. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पोलिसांना मात्र मीच सांगितलं, "बाबा घरीच होते." कॉलेजात पहिला येणारा पोरगा, सगळ्यांना माझंच खरं वाटलं, काकांचं नाही. काकांचा पाय कापावा लागला. बाबांना काहीच झालं नाही.

स्टेशनवर आई म्हणाली, "आता मांगं वळून पाहू नको, बाबू. तुया बापाले तूनंच वाचवलं."

इथे बंगलोरला माझं काम प्रोसेसरच्या सुरक्षेचं. एका चिपवर दोन प्रोग्राम चालतात. एकाचं गुपित दुसऱ्याला कधीच कळणार नाही, हे गणितानं सिद्ध करायचं. आधी काय गृहीत धरलं ते लिहायचं, मग सिद्धता. गेल्या वर्षी माझं सगळं अचूक सिद्ध झालं. चिप कारखान्यात जाणार, तेवढ्यात माझ्या टीममधल्या वैदेहीनं मीटिंगमध्ये चूक दाखवली. "सर, तुम्ही गृहीत धरलंय ते कधी घडूच शकत नाही. खोटं गृहीत धरलं की काहीही सिद्ध होतं."

माझं डोकं फिरलं. स्टीलची बाटली उचलून फेकली. ती तिच्या कानाजवळून गेली आणि मागची काच फुटली. वैदेही डोकं झाकून खाली बसली, मार खाताना काकांनी झाकलं होतं तसंच. मला माझीच किळस आली. तिनं तक्रार केली, योग्यच केलं.

तिची माफी मागितली आणि इतक्या वर्षांनी गावी जाऊन काकांसमोर उभा राहिलो. म्हणालो, मी पाहिलं होतं, उद्या पोलीस ठाण्यात सांगतो.

"मले मालूम हाये," काका म्हणाले. "मार खातानी मी तुयाकडंच पाहून राहिलो होतो."

जबाब देऊन घरी आलो तेव्हा बाबा दारात उभे होते. सत्तरीतला माणूस, पण एका थपडेत ओठ फाटला. "तू माह्या घरचा नाही," म्हणाले आणि कडी लावली. आतून आईचं रडणं ऐकू येत होतं.

त्या दिवशी काकांच्या ओसरीवर जेवलो. ज्या चुलतभावांच्या भीतीनं मी गाव सोडलं, त्यांच्यातल्याच एकानं ताट आणलं. आपटूनच ठेवलं, पण माझ्यासमोर ठेवलं. माझं घर आता तेवढंच आहे.