डमी मारलेला नळ

आमच्या घरचा नळ ग्रामपंचायतीने तोडला तो एका कागदामुळे, आणि तो कागद मी लिहिला होता. इतकी वर्षं झाली, पण हे सांगताना अजून माझी कानशिलं तापतात. खालच्या आळीवर राग आहे, ग्रामसेवकावर आहे, आणि सगळ्यात जास्त माझा माझ्यावर आहे.

आमचं गाव पेणच्या पश्चिमेला, धरमतर खाडीच्या अंगाचं. बाबा मिठागरावर कामाला, त्यांचे बाबाही तिथेच. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागलो. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. गावातली पोरं डोलवीला ठेकेदाराकडे कामाला जात होती, पण पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या हाताळणारा गावात मी एकटा. याचा मला अभिमान होता. होता कशाला म्हणू, आहे. पण त्या उन्हाळ्यात त्याच अभिमानाने आईला मान खाली घालायला लावली.

पंचायतीचं पाणी एक दिवसाआड यायचं, सकाळी तासभर. मोठा पाइप रस्त्याने येऊन आमच्या अंगणाखालून खालच्या आळीत जायचा. म्हणजे आमचं घर आधी, खालच्या आळीतली घरं मागून. पाण्याला जोर नसायचा म्हणून गावात सगळ्यांनीच नळ जमिनीखाली खड्ड्यात उतरवले होते. दोन पायऱ्या उतरायच्या, कळशी लावायची आणि वाट बघत उकिडवं बसायचं. आमचा नळही तसाच.

एप्रिलमध्ये अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी ओल दिसायला लागली. आठवड्याभरात तिथे परातीएवढं डबकं झालं. बाबांनी संध्याकाळी कामावरून आल्यावर बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट हाय," ते म्हणाले. "खाडीचं पानी. बांधाला खेकड्यांनी बिलं पाडली असतील."

आमच्याकडे ही गोष्ट नवी नव्हती. खेकडे बांध पोखरतात, उधाणाचं पाणी त्यातून आत झिरपतं, वेळेवर चिखल भरला नाही तर बांधाला खांड पडते, तो फुटतो आणि शेत, घर, सगळं खारं होतं. आणि बाबांच्या जिभेवर शंका घेणारा गावात कोणी नव्हता. मिठागराच्या कोंडीतलं पाणी चाटून मीठ किती दिवसांत धरेल ते सांगणारा माणूस तो.

आई एकटी म्हणाली, "खाडीचं कसलं? ही वल नळ येतो त्या दिशी वाढते. मी बगतंय ना रोज."

"तू चूल बग," बाबा म्हणाले.

मी हसलो. हे हसणं मला आठवतं. बाबा दिवसभर मिठागरावर, मी पहाटे पेणला येऊन रोह्याची एसटी धरणारा. नळ यायच्या वेळी आम्हा दोघांपैकी एकही जण सहसा घरी नसायचा. घरी होती ती आई. पण तिला काय विचारायचं?

बाबांनी चार दिवस कामावर खाडा करून बांध लिंपला. त्या उन्हात गुडघाभर चिखलात एकटा माणूस. ओल तसूभर कमी झाली नाही.

इकडे खालच्या आळीत नळाची धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी. तिथल्या पहिल्या घरातली बाई आईच्या जोडीची. दोघींनी मिळून आगरावर मिठाच्या पाट्या वाहिलेल्या. ती एका सकाळी आमच्या कुडाजवळ येऊन उभी राहिली.

"तुजं अंगन भिजतंय गो बाय, आन् आमचं हंडं सुकं."

आई म्हणाली, "मी काय करू? मना पन चारच कळश्या भेटतान."

"चार दिसतान. खाली दुसरा पाइप जोडलाय का कोन बगतंय? शिकलेला हाय ना घरात, त्यानं बरोबर जोडून दिला असंल!"

बाकीच्या बायका हसल्या म्हणे. आईने हे मला संध्याकाळी सांगितलं, जेवण वाढता वाढता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. मी ताटावरून उठलो. ज्या घरात गावातला पहिला सायन्सचा पदवीधर, त्या घराला पाणीचोर म्हणता? थांबा, दाखवतो तुम्हाला.

दाखवलं ते असं. पुढच्या संध्याकाळी उतरत्या उन्हात मी डबक्यातलं पाणी स्वच्छ बाटलीत भरलं, सकाळी रोह्याला नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत तपासलं. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला तसा दह्यासारखा पांढरा साका धरला. क्षार भरपूर. पंचायतीच्या पाण्यात इतके क्षार असणं शक्यच नाही. बाबांची जीभ बरोबर निघाली म्हणून मला केवढा आनंद झाला! फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: सदर पाणी नळयोजनेचे नसून खाडीचे असल्याचे परीक्षणावरून दिसून येते. खाली सही, सहीखाली बी.एस्सी. आणि तो कागद स्वतः पंचायतीच्या कचेरीत नेऊन दिला.

ग्रामसेवकाने दोनदा वाचला. "वा," तो म्हणाला. "शिकलेल्या माणसाचं काम वेगळंच."

मी छाती काढून घरी आलो.

तीन दिवसांनी रोह्याहून परत आलो तर आई ओट्यावर नुसती बसलेली. चूल पेटलेली नाही. नळाच्या खड्ड्यात वॉलमनने, म्हणजे गावाचं पाणी सोडणाऱ्या माणसाने, तोटी काढून नेली होती आणि पाइपच्या तोंडाला लोखंडी बूच घट्ट पिळून बसवलं होतं. त्याला डमी मारणं म्हणतात.

मी तसाच धावत कचेरीत गेलो. ग्रामसेवक कुलूप लावून निघत होता.

"आमचा नळ का तोडला?"

"अहो, तुम्हीच लिहून दिलंत," तो म्हणाला, अगदी शांतपणे. "अंगणातलं पाणी खाडीचं. म्हणजे तिथे लाइन फुटलेली नाही. मग टाकीतून सुटलेलं पाणी खालच्या आळीला का पोचत नाही? मध्ये घर तर तुमचंच. आळीची तक्रार आली, आम्ही कारवाई केली. तुमचा कागद फायलीला लावलाय."

त्याने हे म्हणताना खिशातून तंबाखूची डबी काढली. त्या डबीसकट त्याला उचलून आपटावं असं मला वाटलं. पण त्याचं म्हणणं माझ्याच कागदावर उभं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आई गावाबाहेरच्या तळ्यावरून पाणी आणू लागली. तळ्याची वाट खालच्या आळीतून जाते. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरच्या बायका ती येताना दिसली की गप्प. मी म्हणालो, मी आणतो पाणी. ती म्हणाली, "नको. तू गेलास तर बोलतील, चोरी केली म्हनून तोंड लपवतेय." पाण्यासाठी नाही, वाट सोडायची नाही म्हणून ती जात होती.  मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी नळ होता. सकाळी मी अंथरुणातून उठलो नव्हतो तर आईने मनगट धरून ओढलं. "चल. तुमी दोघं पन बसा हितं."

डबक्यात तिने एक काठी रोवली होती. काठीला पाण्याच्या पातळीवर लाल दोरा बांधलेला. बाबा पण कामावर निघायचे थांबले, बहुतेक तिचा चेहरा बघून. आम्ही दोघं खुराड्यापाशी उकिडवे बसलो.

"आता भरती का ओहटी?" तिने बाबांना विचारलं.

"ओहटी. पार सुकी."

"बरं."

थोड्या वेळाने रस्त्यावर वॉलमनने चाक फिरवल्याचा कुरकुर आवाज आला. गावात कळश्यांचा खणखणाट सुरू झाला. आमच्या खड्ड्यात काही नाही, डमी मारलेली. आम्ही डबक्याकडे बघत राहिलो. अर्धा तास झाला असेल. दोरा भिजला. मग दोरा बुडाला. मग पाण्याने कड ओलांडून कोंबड्यांच्या पायाखाली पाट काढला.

"आता बोला," आई म्हणाली. "खाडी का नळ?"

बाबांनी परत बोट बुडवून चाटलं. "पन खारट हाय ना गो," ते म्हणाले, पण आवाज गेला होता.

"खारट नाय तर काय व्हईल! अंगनात भर कसली घातलीत? आगराचा गाळ. मी वायलाय डोक्यावरना, दोन उन्हाळं. त्यातना पानी वर येतंय, तर गोडं कसं राहील?"

मला कळायला एक क्षण पुरला आणि लाज वाटायला उरलेला जन्म. नळाचं गोडं पाणी मिठागराच्या गाळातून झिरपत वर येत होतं, वाटेत मीठ विरघळवत, वर उन्हात आटत. पाणी कुठून आलं हे चवीवरून सांगताच आलं नसतं. जिभेवरूनही नाही आणि सिल्व्हर नायट्रेटवरूनही नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला ठाऊक असतं की एकच नमुना घेऊन निकाल द्यायचा नसतो. शेजारी खाडीचं पाणी घे, नळाच्या दिवसाचं घे, नळ नसलेल्या दिवसाचं घे, ताडून बघ. मी काही ताडलं नाही. मला खरं शोधायचंच नव्हतं. मला आळीचं तोंड बंद करायचं होतं.

बाबा फावडं घेऊन आले. पाइपचा माग आईनेच दाखवला. तो पुरला तेव्हा तीच घरी होती. डबक्यापासून दहा-बारा पावलांवर, कमरेएवढं खोल खणल्यावर माती लापशीसारखी झाली आणि मग पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर आली. दोन पाइप जोडणारं सॉकेट खाऱ्या मातीने खाऊन टाकलं होतं. बोटाने दाबलं तर पोपडे निघाले. आळीचं सगळं पाणी तिथे जमिनीत जात होतं.

मी चिखलाने माखलेला तसाच ग्रामसेवकाच्या दारात गेलो. तो म्हणाला, "होतं असं. रीतसर अर्ज लिहून द्या, बघू."

"अर्जबिर्ज काही लिहिणार नाही. खड्डा बघायला चला. नाहीतर सगळी आळी घेऊन येतो हितं."

आवाज चढला होता माझा. आला तो. पाइपकडे बघून "जुनी लाइन" एवढंच म्हणाला. वॉलमनने संध्याकाळपर्यंत नवं सॉकेट बसवलं. पुढच्या नळाला खालच्या आळीत कळश्या पूर्वीसारख्या भरल्या. आमच्या दारात मात्र कोणी आलं नाही. चुकलं, एवढा एक शब्द नाही.

त्यानंतरच्या दिवशी संध्याकाळी, मी कामावरून आल्यावर, वॉलमन पाना घेऊन आला आणि आमच्या खड्ड्यात उतरायला लागला. आई आडवी उभी राहिली.

"थांब. डमी मारलीस तवा आळीत काय बोललास?"

"मी कुटं काय बोललो काकी?"

"'चोराचा नळ बंद केला' बोललास. मी ऐकलंय. आता जा, आन् घराघरात सांग, पाइप फुटलावता, ती चोर नाय. मगच तो पाना लाव."

तो माझ्याकडे बघून हसला, तुमच्या आईला समजवा अशा अर्थाने. मी म्हणालो, "सांगते तसं कर."

तो पुढे, आई चार पावलं मागे. आळीच्या पार टोकाकडून सुरुवात केली. तिथल्या दोन घरांत तो पुटपुटला. आई मागून म्हणाली, "मोठ्यानं. डमी मारतानी आवाज बरोबर मोठा व्हता." तिसऱ्या दारात तो ओरडून बोलला. अशी सगळी आळी उलटी घेत ते आमच्या बाजूच्या पहिल्या घराशी, आईच्या जोडीच्या त्या बाईकडे आले. ती बाई दारातच होती. त्याचं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाली, "आमाला ठाव व्हता गो बाय. तू आसं करनारी नायस."

"ठाव व्हता," आई म्हणाली, "तर इतकं दिस मी तुज्या दारावरना हंडा घेऊन जायचे, तवा तुजं तोंड कुटं गेलंवतं?"

बाई उंबऱ्यावरून आत सरकली. आई वळली आणि वॉलमनला म्हणाली, "चल, काढ आता डमी."