पाट्याचा तुकडा

"पदर झटक."

फाटकावरचा माणूस हे म्हणताना माझ्याकडे बघतही नव्हता. तंबाखू मळत होता. मी खांद्यावरून पदर काढला, दोन्ही हातांनी धरला आणि रस्त्याकडे तोंड करून झटकला. समोर चहाच्या टपरीवर ट्रकवाले बसले होते. ते बघत होते. साडी नेसायला लागून मला महिनाही झाला नव्हता.

भंगाराच्या गोदामाचा हा नियम. माल विकून बाहेर पडताना बाईनं पदर झटकायचा, गड्यानं खिसे उलटे करायचे. का, तर शेठच्या ढिगातलं लोखंड आम्ही चोरून नेऊ. जे लोखंड आम्हीच आणून त्या ढिगावर ओततो, ते.

जालन्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यानं आम्ही लोखंड वेचतो. भंगाराचे ट्रक वळणावर हिसका खातात, तुकडे सांडतात. फुटक्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून मातीतून ओढत चालायचं. पितळ, तांबं त्याला चिकटत नाही, ते डोळ्यांनी हेरायचं. बापानं शिकवलं होतं, तुकडा दगडावर आपटून ऐक. साधं लोखंड बद्द वाजतं. ट्रकच्या चाकावरच्या कमानीचा पोलादी पाटा खणखणतो. तो विकायचा नाही. त्याचं खुरपं होतं, विळा होतो. घनसावंगीकडं कापूस निंदणाऱ्या बायका आमचंच खुरपं मागतात. बाप गेला, पण भट्टी आहे. आई पंखा फिरवते, मी घण मारते. पाटे रोज सापडले असते तर त्या फाटकाचं तोंडही पाहिलं नसतं. पण रोज सापडत नाहीत.

एका दिवाळीला आई आणि मी जुन्या जालन्यात कापड घ्यायला गेलो. पैसे दिले, पिशवी घेतली. दुकानाच्या पायरीवर आई थांबली आणि तिनं पदर काढून झटकला. कुणी सांगितलं नव्हतं. गादीवरचा दुकानदार म्हणाला, "काय मावशी, किडा शिरला का?" सगळे हसले. आईपण हसली. आपण काय केलं ते तिला कळलंच नव्हतं. मला कळलं. 

तरी पुढच्या आठवड्यात मी त्याच फाटकावर पदर झटकला. पोट होतं ना.

आता मलाच शाळेत जाणारी मुलगी आहे. या उन्हाळ्यात सुट्टी म्हणून ती माझ्यासोबत आली. त्या सकाळी वळणावर मला हातभर पाटा सापडला. मी तो पोत्यात टाकला नाही, पदरात गाठ मारून ठेवला आणि तशीच गोदामात गेले. पोतं ओतलं, वजन झालं. बाहेर पडताना मुलगी माझ्या पुढं होती. फाटकाशी ती थांबली. गळ्यातली ओढणी काढली, दोन्ही हातांनी धरली आणि झटकली. अगदी माझ्यासारखी. मग बरोबर केलं का, असं विचारल्यासारखं त्या माणसाकडे बघितलं. त्यानं मान हलवली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"झटक," तो मला म्हणाला.

"न्हाई."

तो तंबाखू मळायचा थांबला. त्यानं शेठला हाक मारली. शेठ येईपर्यंत मीच गाठ सोडली आणि पाटा हातात धरला. म्हटलं, "हे मला रस्त्यात घावलं. विकायचं न्हाई म्हून पोत्यात टाकलं न्हाई. पदर म्या झटकणार न्हाई."

"रस्त्यावरचं लोखंड तुझ्या बापाचं हाय का?" शेठ म्हणाला. "जल्दी झटक. न्हाई तर उद्यापासून पोतं आणू नको."

रस्त्यावरचं लोखंड पोत्यातून त्याच्याकडं गेलं की त्याचं. माझ्या हातात राहिलं की चोरीचं. मी एका हातात पाटा, दुसऱ्या हातात मुलीचा हात धरला आणि बाहेर आले. 

दुसऱ्या गोदामांत निरोप आधीच पोचला होता. कुणी माल घेईना. भरलेली पोती दाराशी पडून राहिली. भट्टीचा पंखा फिरवता फिरवता आई म्हणाली, "एक डाव झटकला असता तर जीव गेला असता का? म्या जलमभर झटकला."  मी लाल झालेल्या पाट्यावर घण घालत राहिले.

त्या पाट्याचं खुरपं झालं. चांगलं झालं. पण एका खुरप्यानं घर चालत नाही. मला त्याच फाटकावर परत जावं लागणार, हे मला पक्कं माहीत आहे.

जाईन. पोतं उलटं करून तळापर्यंत दाखवीन. खुरपं कमरेला खोचलेलं असेल, सगळ्यांना दिसेल असं. शेठनं माल घ्यावा, नाहीतर न घ्यावा. पदर मी झटकणार नाही. माझी मुलगीही ओढणी झटकणार नाही. आता कुणी 'झटक' म्हणून तर बघावं.