माणिकबाईंची संजा

माणिक दातार नाशिकहून उज्जैनला आल्या त्या आमच्या मुलींच्या हायस्कुलात इतिहास शिकवायला, आणि वर्षभरात त्यांचा इतिहासच बंद पडला. त्यांचा काही दोष नव्हता. त्या आल्या तेव्हा आमचं गाव ग्वाल्हेर संस्थानात होतं आणि इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या पानावर महाराजांची तसबीर होती. मग स्वातंत्र्य आलं, अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात संस्थानं मिळून मध्यभारत नावाचं राज्य झालं, आणि ते पुस्तक एका फटक्यात जुनं ठरलं. नवं येणार, नवं येणार असं सगळे सांगत होते. जुलै सरला, ऑगस्ट सरला, पुस्तकाचा पत्ता नव्हता.

दुसरी एखादी मास्तरीण असती तर तिने आम्हाला भरतकाम दिलं असतं आणि स्वतः विणत बसली असती. बाई तसल्या नव्हत्या. ठेंगण्या, पायात कायम घाई, आणि हसू लागल्या की शेजारच्या वर्गाची गणितं चुकायची. मी, जयू, तेव्हा दहावीत होते. शाळेत असं एक माणूस असलं की बाकीचे सगळे कंटाळवाणे असले तरी चालतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

एक दिवस बाई वर्गात आल्या आणि टेबलावर छत्री आपटून म्हणाल्या, "पुस्तक नाही ना? मग आपणच शोधू. घरी जा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आपण या गावात कसे आलो आणि तुझ्या लहानपणी इथे काय काय झालं? पुरुषांना विचारू नका. ते लढाया सांगतील."

आमच्या घरी आजोबा मिशीवर हात फिरवून सांगत, की आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर तलवार घेऊन माळव्यात आले. मी आत्याआजीला विचारलं. ती मेथी निवडत होती. ती म्हणाली, "तलवार कसली? झारा घेऊन आले! आचारी होते आपले लोक. फौजेसाठी बुंदी पाडत होते." आजोबांनी हे ओसरीवरून ऐकलं आणि बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाई मात्र इतक्या खूश झाल्या की मला सगळ्या वर्गापुढे उभं करून त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

मग आम्हाला नादच लागला. उषाच्या आजीला अफूची पोती लादलेल्या उंटांची रांग आठवत होती. कोणाची आजी छप्पन्याच्या, म्हणजे अठराशे नव्व्याण्णवच्या, दुष्काळात मारवाडातून चालत आली होती. कोणाच्या घरी शिप्रेच्या पुराचं पाणी देवघरात शिरलं होतं आणि देव माळ्यावर नेऊन ठेवले होते. आणि कल्पना, रामघाटावरच्या पंड्यांची मुलगी, तिची पणजी अजून होती. कल्पना धावत वर्गात आली आणि म्हणाली, "बाई, म्हारी परदादी ने पहली रेल देखी! उसके आगे सबने नारियल फोडे!"

आता हे सगळं मांडायचं कुठे? कागदाची तेव्हा टंचाई होती. तेवढ्यात पितृपक्ष लागला आणि माळव्यातल्या मुलींची संजा सुरू झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पितृपक्षात रोज संध्याकाळी कुमारिका भिंत सारवून तिच्यावर शेणाने चित्रं काढतात, चंद्र, सूर्य, डोली, काय काय, त्यावर फुलांच्या पाकळ्या आणि पन्नी, म्हणजे रंगीत चकचकीत कागद, चिकटवतात, गाणी म्हणतात. शेवटी शेवटी एक मोठा किल्ला करतात, त्याला किलाकोट म्हणतात. आम्ही मराठी मुलीही शेजारणींबरोबर हे खेळतच वाढलो. कल्पना म्हणाली, "बाई, इतिहासाचा किलाकोट करू या ना!"

बाईंनी संजा कधी बघितली नव्हती. मागच्या वर्षी पितृपक्षात त्या तापाने अंथरुणावर होत्या. पण गाणी ऐकली, आणि डबा हलवून आतला प्रसाद ओळखायचा खेळ बघितला, तशा त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "अगं, हा तर आपला भोंडला! आम्ही पण अशीच खिरापत ओळखतो!" त्यानंतर त्यांनी संजेबद्दल कोणाला काही विचारलंच नाही. विचारा, विचारा म्हणून आम्हाला गावभर पिटाळणाऱ्या बाईंनी!

शाळेच्या मागची लांब भिंत आम्ही घेतली. रोज शाळा सुटली की शेणाच्या पाट्या, कण्हेरी, गुलबक्षी, गुलतेवडी, आणि नुसता दंगा. उंट झाले, पूर झाला, माळ्यावरचे देव झाले. माझा झारा मी पिवळ्या कण्हेरीने मढवला आणि आजोबांना मुद्दाम बोलावून दाखवला. कल्पनाची रेल तर भिंतभर पसरली. प्रत्येक चित्राचं आम्ही गाणं केलं. चाल संजेची, शब्द आमचे.

"अफू चालली उंटांवरून, घंटा वाजे खणखण,
आजी माझी मागे धावे, आई म्हणते थांब गं क्षण!"

कविता म्हणून हे काही धड नाही, पण आम्हाला फार आवडायचं.

आणि नेमकं तेव्हाच संकट आलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरीणबाईंनी, माणिकबाईंना बोलावून सांगितलं, की नव्या शिक्षणखात्याच्या मते पुस्तक नसलेला विषय मुलींना हवाच कशाला? इतिहासाऐवजी शिवण ठेवावं असं चाललंय. इन्स्पेक्टर भय्यासाहेब येऊन वर्ग बघतील आणि ठरवतील. इतिहास गेला तर माणिकबाईंची जागाही गेली. नाशिकला त्यांचा मोठा भाऊ विनायक एक बिजवर हेरून बसलाच होता, दोन मुलांचा बाप आणि पोटाचा विकार. हे बाईंनी आमच्यापासून लपवलं नाही. भिंतीपुढे उभ्या राहून त्या सरळ म्हणाल्या, "मुलींनो, मला जायचं नाहीये. मला इथे राहायचंय. भय्यासाहेबांना ही भिंत अशी दाखवू या की ते बघतच राहतील." आम्हाला रडू आलं आणि आम्ही दुप्पट शेण आणलं.

भय्यासाहेब शुक्रवारी यायचे होते. गुरुवारी निरोप आला, सोमवारी येतील. आमचा विरस झाला, पण बाई खुशीत. "बरंच झालं. तेवढीच पन्नी लावायला सवड." आम्हाला वाटलं, बाईंनी काही वेगळा विचार केला असेल, गाणी वगैरे म्हणायला लावतील. कारण शनिवारी सर्वपित्री अमावास्या होती, आणि अमावास्येला संजा भिंतीवरून खरवडून नदीत सोडायचीच असते. संजा म्हणजे माहेरवाशीण, त्या दिवशी ती सासरी निघते, तिला कोण अडवून ठेवणार? हे उज्जैनात शेंबड्या पोरीलाही कळतं. ते कोणाला सांगायचं असतं, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. बाईंच्या डोक्यात मात्र भोंडला होता. भोंडला नवरात्रात रंगात येतो आणि दसऱ्यापर्यंत चालतो. इकडे लवकर सुरू झालाय एवढंच, अशी त्यांची पक्की समजूत.

शनिवारी शाळेला सुटी. आम्ही बाईंना बोलवायला गेलो तर खोलीला कुलूप; त्या पन्नी आणायला परगावी गेल्या होत्या, त्या थेट सोमवारी सकाळी परतल्या. मग आम्हीच सगळा किलाकोट खरवडला, पाट्यांत भरला आणि गात गात रामघाटावर गेलो. उंट, पूर, झारा, रेल, सगळं शिप्रेला दिलं. फार छान झालं. आम्ही काही चुकलो असं मला आजही वाटत नाही.

सोमवारी भय्यासाहेब आले. डोक्याला ग्वाल्हेरी पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी, चेहऱ्यावर सुपारी चुकीच्या दाताखाली आल्याचा भाव. बाईंनी त्यांना "या ना, या ना" करत मागच्या अंगणात आणलं आणि भिंतीकडे हात केला. भिंत कोरी होती. बाईंचा हात तसाच वर राहिला.

"कुठे आहे इतिहास?" भय्यासाहेबांनी विचारलं.

आम्ही एकमेकींना कोपरं मारली. शेवटी कल्पनाच म्हणाली, "साब, शिप्राजी में."

बाईंनी आमच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. पण बाई कोणावर ढकलणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, चूक माझी. मला वाटलं, आमच्या भोंडल्यासारखी ही दसऱ्यापर्यंत असते. मुलींनी बरोबर केलं. मी विचारलंच नाही."

"म्हणजे दाखवायला काही नाही," भय्यासाहेब म्हणाले आणि वळले.

मग मला काय झालं कोण जाणे. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. "साहेब, इथे माझा झारा होता," मी म्हणाले, आणि आजोबा, आत्याआजी, बुंदी, सगळं घडाघडा सांगून टाकलं. माझ्या शेजारी उषा येऊन उभी राहिली आणि उंटांचं गाणं म्हणू लागली. मग एकेक करत सगळ्याच. ज्या मुलीचं चित्र जिथे होतं तिथे ती उभी, आणि भिंतभर मुलीच मुली. गाणं विसरायचा प्रश्नच नव्हता, पितृपक्षभर रोज ओरडून म्हटलेलं. भय्यासाहेब थांबले होते, एवढं खरं. चेहरा मात्र सुपारीवालाच.

कल्पनाची पाळी आली. तिने पहिल्या रेलचं गाणं म्हटलं, नारळाचं. आणि भय्यासाहेबांनी एकदम काठी आपटली.

"चूक! साफ चूक! नारळ नाही फोडले. इंजिनाला हळदकुंकू लावलं होतं."

"नारियल!" कल्पना म्हणाली.

"हळदकुंकू!"

"म्हारी परदादी ने अपनी आँखां से देख्यो, साब!"

"आणि आमच्या मातोश्रींनी काय पाठीने बघितलं?"

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. माणिकबाईंचे डोळे मात्र चमकले. जागा जातेय, बिजवर वाट बघतोय, हे त्या साफ विसरल्या. "साहेब, तुमच्या मातोश्रींनी स्वतः बघितलंय? आहेत त्या?"

"आहेत ना. ऐंशी उलटली."

"हे त्यांनीच सांगितलं तुम्हाला?"

भय्यासाहेब जरा घुटमळले. "असं... घरात बोललं जातं."

"म्हणजे तुम्ही विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या. असं इन्स्पेक्टरशी बोलायचं नसतं, पण बाईंना ते सुचलंच नाही. "मग आत्ताच विचारू या! दोन साक्षी दोन गोष्टी सांगतात, साहेब. अशा वेळी ताडून बघायला नको का? चला, मुलींनो!"

आणि खरंच, भय्यासाहेब, बाई आणि कल्पना टांग्यात आणि आम्ही बाकीच्या मागे पळत, अशी आमची वरात निघाली. टांग्यात भय्यासाहेब बाईंना म्हणाले (हे कल्पनाने ऐकलं, तिचे कान तिखट), "असा वर्ग मी उभ्या नोकरीत बघितला नाही. बंद करायचा माझा तरी धीर होत नाही. चालू द्या." बाई इतक्या जोरात हसल्या की घोडं बिचकलं. ज्याच्यासाठी इतके दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता, ते असं टांग्यात, येता-जाता ठरून गेलं. नाशिकचा बिजवर दुसऱ्या कोणाला मिळाला. बाई उज्जैनातच राहिल्या, माळवी बोलायला शिकल्या, वाईट बोलायच्या. छप्पन साली मध्यभारतही गेलं, मध्यप्रदेश आला, पुस्तक पुन्हा रद्द झालं, तेव्हा माझी धाकटी बहीण त्यांच्या वर्गात होती. ती सांगते, बाईंनी बातमी वाचली आणि आनंदाने हातच चोळले.

भय्यासाहेबांच्या मातोश्रींना सगळे अक्का म्हणत. अक्का माजघरात वाती वळत बसल्या होत्या. एवढ्या पोरी बघून त्या आधी घाबरल्या, मग त्यांना हे कोणाचं तरी केळवण वाटलं. बाईंनी समोर बसून विचारलं, "अक्का, उज्जैनला पहिली रेल आली तेव्हा काय झालं हो? नारळ फोडले की हळदकुंकू लावलं?"

अक्कांच्या बोळक्या तोंडावर हसू पसरत गेलं. "कसला नारळ आणि कसलं हळदकुंकू! नेलं होतं बायकांनी, दोन्ही नेलं होतं. पण त्या धुडाने शिटी मारली नि आम्ही ताटं टाकून जी धूम ठोकली! माझी परकराची नाडी सुटली, तशीच पळाले. घरी येऊन सगळ्या म्हणाल्या, हो हो, पूजा छान झाली!"

आमची हसून मुरकुंडी वळली. कल्पना तर जमिनीवर लोळली. तिच्या पणजीचं बिंग फुटलं होतं आणि तिलाच सगळ्यात मजा वाटत होती. अक्का डोळे पुसत हसत होत्या आणि मग हसता हसता त्यांनी दारात उभ्या असलेल्या लेकाकडे बघितलं.

"पोरींनो, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं बघा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता, नुसतं नवल होतं.

भय्यासाहेबांनी पगडी काढली, कोनाड्यात ठेवली. काठी भिंतीला लावली आणि आम्हा मुलींना जरा सरकायला सांगून ते आमच्यात मांडी घालून बसले.

"मग, अक्का?" त्यांनी विचारलं. "पळून कुठे गेलात?"