बायको परदेशी असल्याचा पुरावा

लोकांच्या लग्नाच्या आठवणी फिरायला गेल्याच्या असतात. आमच्या सगळ्या चौकशीच्या. लग्नाला चार वर्षं झाली आणि किस्से इतके साठलेत की एक सांगायला बसलो की दुसरा मध्येच घुसतो. धुळ्यात हल्ली ओळखीचं कुणीही भेटलं की माझी तब्येत विचारत नाही. "वहिनींची फाइल कुठवर आली?" एवढंच विचारतात.

थोडक्यात सांगतो. मी दवाखान्यांतली मशिनं दुरुस्त करतो. पाच वर्षं दोह्याला होतो. तिथे लॅबमध्ये दिलिनी होती, श्रीलंकेची, कँडीजवळच्या गावातली. नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बायपास झालं म्हणून मी परत आलो आणि ती माझ्यामागे आली. नवरा इथला असला तरी तिला राहायचा व्हिसा ठरावीक मुदतीचाच मिळतो. परवानगीशिवाय कामधंदा केला तर तोही जाऊ शकतो. मुदत वाढवायची तर पोलिसांचा अहवाल चांगला लागतो. म्हणजे माझा संसार एका हवालदाराच्या पेनावर चाललाय. हे मी हसत सांगतो, पण मुदतीचे दिवस बोटांवर मोजत असतो.

* * *

पोरगा परदेशी सून आणतोय, ही बातमी भडगावपर्यंत गेली होती. आत्या सकाळच्या एसटीने आली. सोबत तिच्या दोन जावा, नवीन लुगड्यांत.

दिलिनीने पाणी दिलं, चहा दिला, पाया पडली. तिघी सारख्या आतल्या खोलीकडे बघत होत्या. शेवटी आत्याने नानांना विचारलं, "भाऊ, ती परदेसनी बाई कोठे शे?"

नानांनी दिलिनीकडे बोट दाखवलं. आत्याने तिला खालून वरपर्यंत पाहिलं. सावळा रंग, लांब वेणी, कपाळावर घाम.

"भाऊ, आमले येडं समजस का? हाई तर दोंडाईचानी पोर वाटस."

दोंडाईचा आमच्याच जिल्ह्यातलं. आत्याचा तो संशय आजही पूर्ण गेलेला नाही.

* * *

लग्न बुद्धविहारात लागणार होतंच, पण कायद्याची नोंदणीही हवी होती. त्यासाठी कचेरीच्या फळ्यावर तीस दिवस नोटीस लावतात. कुणाचा आक्षेप असला तर त्याने लिहून द्यायचा.

नानांना हे कळलं आणि त्यांची झोप उडाली. कोण वाचतं, किती वेळ वाचतं, हे बघायला ते रोज कापडी पिशवी घेऊन फळ्यासमोर उभे राहायला लागले. घरी आले की मला रिपोर्ट. "आज एकाने दोनदा वाचली. चष्मा लावून."

"नाना, तो आपली स्वतःची नोटीस शोधत असेल."

"तुला माणसं कळत नाहीत."

दहाव्या दिवशी तिथल्या शिपायाने नानांना बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "बाबा, दहा दिवस बघतोय तुम्हाला. काय आक्षेप असेल तो एकदाचा लिहून द्या ना!"

* * *

पहिल्या चौकशीला हवालदार घरी आले. माणूस तसा चांगला, पण कामात चोख. खुर्चीत बसले, फाइल उघडली आणि दिलिनीला म्हणाले, "ताई, मॅडमना बोलवा."

"मीच."

"नाही, त्या परदेशी मॅडम."

मी पासपोर्ट पुढे केला. त्यांनी फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग पासपोर्ट उजेडात धरून मला विचारलं, "ओरिजनल आहे ना?"

ते पासपोर्टबद्दल विचारत होते, असं मी अजूनही धरून चालतो.

* * *

ह्यात खरी चूक आमच्याच घरची. दिलिनी नानांकडून अहिराणी शिकली. पुस्तकी मराठी तिला अवघड जायची, अहिराणी मात्र वर्षभरात तोंडात बसली. आम्हाला कौतुक. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर आम्ही तिला बोलायला लावायचो.

पुढच्या मुदतवाढीला पोलिसांच्या कचेरीत साहेबांनी तिला समोर बसवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुम्ही. इथे. कधी. आलात?"

दिलिनी फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, बठ्ठं लिखेल शे. वाची ल्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या परदेशी?"

फाइल महिनाभर तिथेच राहिली. पुढचे आठ दिवस आम्ही घरात बायकोला परदेशी व्हायचा सराव देत होतो. नाना तिला पुन्हापुन्हा बजावायचे, "साहेबासमोर विंग्रजीच बोलजो, माय."

* * *

आता समोरच्या सिंधूअक्का. बालवाडीच्या निवृत्त बाई. एकट्या राहतात. बोलणं अहिराणी, पण सरकारी माणूस दिसला की भाषा एकदम 'सदर' आणि 'उपरोक्त'वर जाते. त्यांच्या ओट्यावरून गल्लीतलं प्रत्येक दार दिसतं आणि त्या प्रत्येक दार बघतात.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पापड होतात. आज एकीच्या घरचे, उद्या दुसरीच्या. सगळ्या जणी पोळपाट-लाटणं घेऊन त्या घरी जातात. पैसे कुणी कुणाला देत नाही. खायला लाट्या मिळतात, म्हणजे पापडाच्या कच्च्या पिठाचे गोळे, तेलात बुडवून. दिलिनीचा पापड सगळ्यांत पातळ, त्यामुळे तिला रोज बोलावणं.

एका सकाळी दहाच्या सुमाराला हवालदार अक्कांच्या ओट्यावर हजर. मागोमाग मी, कारण हवालदारांनीच मला फोन केला होता. ओट्यावर अकरा बायका आणि मधोमध माझी बायको, हातात लाटणं.

"निनावी अर्ज आलाय," हवालदार म्हणाले. "ह्या बाई व्हिसावर काम करतात म्हणून." त्यांनी कागद उलगडून एक ओळ वाचली, "'सदर महिला रोज वेळेवर जाते व मन लावून काम करते.'"

हा अर्ज खरा धरला असता तर दिलिनीला विमानात बसवावं लागलं असतं.

"पगार काय मिळतो?" त्यांनी विचारलं.

"लाट्या," अक्का म्हणाल्या.

"आणि हे पापड कुणाचे?"

"आज माझे. काल वंदनाचे. उद्या शेजारणीचे."

हवालदार विचारात पडले. "म्हणजे फिरतं युनिट आहे?"

बायकांनी त्यांना बसवून चार लाट्या खायला घातल्या. चौथीनंतर त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं. अर्ज मात्र फाइलला लागला तो लागलाच.

* * *

त्यानंतर माझ्या डोक्यात संशय बसला. अर्ज कुणी लिहिला? आत्या? तिला लिहिता येत नाही. झेरॉक्सवाला? त्याला आमची सगळी कागदपत्रं पाठ आहेत. मग मला शेजारचे बोरसे सर आठवले. अक्षर मोत्यासारखं आणि मराठी शुद्ध. शिवाय 'वहिनी कुठे निघाल्या?' असं विचारायची सवय. मी त्यांना नमस्कार करायचं बंद केलं. दोन महिने.

दिलिनी म्हणाली, "आमना गावमाबी असा लोक शेतस. जो जास्त देखस, तोच लिखस."

मी म्हटलं, "तेच तर! बोरसे सरच."

ती ताट घेऊन अक्कांकडे पापड वाळत घालायला गेली.

* * *

ते दोन महिने सरत आले तशी ह्या वर्षीची मुदत संपायला नऊ दिवस राहिले आणि कचेरीतून निरोप आला. मागचा अर्ज फाइलला आहे, तेव्हा हे दोघं खरंच एकत्र राहतात आणि बाई नोकरी करत नाहीत, असा एका शेजाऱ्याचा सहीनिशी जबाब लागेल.

पोलिसांच्या कागदावर सही म्हटल्यावर गल्ली एकदम कामात बुडाली. एकाला गावी जायचं होतं, एकाचा चष्मा हरवला होता. मी शरम गिळून बोरसे सरांकडे गेलो. ते दारातच म्हणाले, "दोन महिने बोलत नव्हतात. आज सही मागायला आलात?" मी सहीशिवायच मागे फिरलो. परत आलो तर हवालदार आमच्या अंगणात फाइल घेऊन उभे आणि दिलिनी दाराशी. आदल्या दिवशी फोनवर ती आपल्या आईशी काय बोलली होती ते मला ठाऊक होतं. बॅग काढून ठेवू का, असं विचारत होती.

समोरून अक्का रस्ता ओलांडून आल्या. बिनबोलावता. पदर खोचून आमच्या पायरीवर बसल्या.

"लिहा," त्या हवालदारांना म्हणाल्या. "सदर उभयता चार वर्षे एकत्र राहतात. सकाळी सहाला दिवा लागतो. रविवारी भाजीवरून भांडतात. सोमवारी तो माफी मागतो. गेल्या पोळ्याला ती आईसाठी रडली, तेव्हा तो कामावर गेला नाही."

हवालदार लिहीत होते. ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"बाहेर कुठे नोकरी?"

"नाही. आमच्यात येते. सदर महिला रोज वेळेवर येते व मन लावून काम करते."

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांनी फाइलची मागची पानं उलटली, एका कागदावर नजर टाकली आणि पानं पुन्हा मिटली. दिलिनी आत जाऊन अक्कांसाठी चहा घेऊन आली, त्यांना लागतो तसा, बिनसाखरेचा. अक्कांनी कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायल्या नाहीत.

"अजून काही लिहायचं, अक्का?" हवालदारांनी विचारलं.

"हो," अक्का म्हणाल्या. "ह्या वेळी खाली माझं नाव घाला."