नीलम्माअक्कांचा शिकंजा

नदीत बोट घालण्याआधी नीलम्माअक्का शिकंजा कसायच्या, मग घाटाच्या पायरीवर बसून चहा प्यायच्या आणि चहा संपला की तोच शिकंजा पुन्हा कसायच्या. दोन्ही वेळा हातानंच. ओलं लाकूड पहिल्या दाबाखाली जरा दबतं. घाईनं निघालं की ऐन धारेत पकड सैल होते. "पयलं कसणं लाकडाला सांगायला," त्या म्हणायच्या, "दुसरं खरं."

मुलांनो, पुढच्या वेळी नांदेडला आलात की ही बोट तुम्हाला दिसेल. अक्का दिसणार नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

अक्का उदगीरच्या. लग्न होऊन आमच्या गल्लीत आल्या त्या कायमच्या. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून मला त्या इंग्रजीबाई म्हणायच्या. गळ्यात चांदीच्या करडीतलं, म्हणजे छोट्या डबीतलं लिंग, इरकल लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं आणि आवाज पैलतीरापर्यंत पोचणारा. गोदावरीच्या पलीकडे त्यांची केळीची बाग होती, आणि बागेत जायला ही बोट. दुसऱ्या महायुद्धातली, त्यांच्या सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. मुळात ती सैनिकांनी वल्ही मारत न्यायची, त्यामुळे मागे मोटर लावायला जागाच नव्हती. त्यासाठी एक जाड लोखंडी ब्रॅकेट मागच्या कडेवर अडकवून दोन स्क्रूंनी आवळायचं आणि मोटर त्यावर टांगायची. तोच अक्कांचा शिकंजा. बोटीच्या फळ्या बदलल्या, मोटरीचं पोटही बहुतेक बदललं. शिकंजा मात्र युद्धातलाच राहिला.

मुलगा शिवराज लातूरला डाळमिल चालवतो. आईचं वय वाढत गेलं तशी त्याची धास्तीही वाढली.

"अव्वा, पुलावरून रिक्षानं जात जा की."

"रिक्षावाला इचारतो, म्हातारे, कुठं चाललीस? नदी इचारत न्हाई."

मग एकदा तो पुण्याच्या एका गृहस्थांना घेऊन आला. निवृत्त लष्करी अधिकारी, सभ्य माणूस. युद्धातली अशीच एक बोट ते प्रदर्शनासाठी दुरुस्त करत होते. जुन्या मोटरी मिळतात, पण ब्रॅकेट भंगारात वितळून गेली, कुठेच मिळत नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं. शिवराजनं मला बाजूला घेतलं. "काकू, बोट विक म्हटलं तर ती मला उंबऱ्यात उभं करणार नाही. बोट राहू द्या, मोटर राहू द्या. नुसता शिकंजा गेला की तिचं नदीत जाणं आपोआप थांबेल. तुम्ही समजवा तिला."

मी काही समजावलं नाही. ऐकलं ते जसंच्या तसं अक्कांना जाऊन सांगितलं.

अक्का हसल्या. "पोरगं लई हुशार झालंय. गाय राहू दे म्हणतंय, नुसते पाय मागून राहिलंय." मग बाहेर येऊन म्हणाल्या, "साहेब, घ्यायच्या आधी चालवून तर बघा. इंग्रजीबाई, तुमी बी चला. साहेब इंग्रजीत घाबरले तर मला कोण सांगंल?"

शिकंजा कसला, चहा झाला, शिकंजा पुन्हा कसला. शिवराज काठावरच थांबला. ऐन धारेत आल्यावर अक्कांनी मोटर बंद केली. बोट हळूहळू आडवी फिरायला लागली. अक्का मागच्या जागेवरून उठल्या.

"घ्या. खोला."

"इथे?"

"हाव. जिथं तो लागतो तिथंच खोला. काठावर कुणी बी खोलंल."

साहेबांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. "अहो बाई, मोटर पाण्यात जाईल."

"जाईल. मागनं आपण बी जाऊ. तुमच्या काचेच्या पेटीवर त्ये लिवणार का?"

काठावरून शिवराज "अव्वा! अव्वा!" ओरडत होता. साहेब वाकून मागे सरकले. आता हे खरंच स्क्रू सोडतात की काय, या भीतीनं मी पदर तोंडात धरला. त्यांनी शिकंज्यावर नुसता तळवा ठेवला. मोटर बंद होती, तरी पाण्याचा धक्का त्यात कळत असावा. मग ते म्हणाले, "नको. हा अजून ड्यूटीवर आहे."

"मंग वढा दोरी," अक्का म्हणाल्या आणि साहेबांना दम लागला तरी मोटर त्यांच्याकडूनच सुरू करून घेतली.

काठाला लागताच शिवराज आईवर ओरडला. "बुडून मेली असतीस तर?"

"मेले असते तर मातीला आला असतास. जित्तेपनी माझा रस्ता कामून काढून घेतोस?"

तो न जेवता लातूरला गेला. पुढे येत राहिला, पण बोटीचा विषय त्यानं काढला नाही. अक्कांनीही नाही. त्या रोज बागेत जात राहिल्या.

या हिवाळ्यात एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या लिंगायतांत माती देतात, तीही बसवून. जागा त्यांनी स्वतःच्या बागेत सांगून ठेवली होती. भाऊबंदांनी पुलावरून न्यायला टेम्पो आणला, झेंडूच्या माळा बांधल्या. शिवराज लातूरहून आला, आईपाशी बसला, मग उठून म्हणाला, "अव्वा पुलावरून जात नव्हती."

"येडा झालास का? आता कोण चालवणार ती बोट?" कुणीतरी म्हणालं.

तो घाटाकडे निघाला. मी मागोमाग गेले. यानं बोटीला कधी हात लावलेला मी तरी पाहिला नव्हता. तो मागच्या कडेपाशी वाकला, दोन्ही स्क्रू हातानं आवळले आणि येऊन पायरीवर बसला.

"काकू," तो म्हणाला, "चहा आणता?"

"अरे, माती व्हायची हाय अजून, अन् चहा पितोस?" त्याचे चुलते ओरडले. मी घरी जाऊन चहा टाकला. कप घेऊन पायऱ्या उतरताना बायका माझ्याकडे बघत होत्या. बघू दे म्हटलं.

शिवराजनं सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायला. कप माझ्या हातात दिला, उठला आणि शिकंजा पुन्हा कसला.