सोनकांबळे मास्तरांचं कडं

सोनकांबळे मास्तर रोज सकाळी चपला काढून आमच्या रॅम्पवर अनवाणी चालत. बरकतपुऱ्यातल्या एका रिकाम्या प्लॉटवर मी प्लायवूडचा तो रॅम्प उभा केला होता, चाकांचे स्केट्स घालून उडी मारण्यासाठी. मास्तर डोळे अर्धे मिटून, एकेक पाऊल टाकत वरून खाली यायचे. कुठे खिळ्याचं डोकं वर आलंय, कुठे सांधा फुगलाय, ते तळपायाने शोधायचे. सापडलं की तिथे खडूने फुली आणि महमूद मिस्त्रीला हाक. फुली पुसली जाईपर्यंत रॅम्प बंद. बाहेर पोरांची रांग लागलेली असायची आणि मी फाटकापाशी चडफडत असायचो. एका खिळ्यासाठी एवढा खोळंबा कशाला, असं एकदा मी विचारलं. ते म्हणाले, "खिळा एकच आहे, बिरादारसाहेब. त्याच्यावरून जाणारी चाकं मोजा."

हा माणूस मला फार आवडायचा, आणि याच माणसाने माझं मोठं नुकसान केलं. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो. मी धंद्यातला माणूस आहे, माल दाखवल्याशिवाय भाव बोलत नाही.

उदगीरकडच्या आमच्या गावाहून मी एक पत्र्याची पेटी घेऊन हैदराबादला आलो. गौलीगुड्यातल्या एका लाकूडवाल्याकडे फळ्या वाहिल्या. पुढे त्याच गल्लीत स्वतःचं प्लायवूडचं दुकान काढलं. तोवर शहराला जणू कुणीतरी चावी दिली होती. घरोघरी केबल आली, नव्या गाड्या आल्या, रोज नव्या कंपनीचा फलक चढायचा. एका दुपारी केबलवर मी बर्फातली पोरं पाहिली. पायाला लांब पट्ट्या बांधून ती डोंगरावरून घसरत येत, बर्फाच्याच एका टेकाडावरून हवेत जात, तिथे गिरकी घेत आणि पलीकडच्या उतारावर अलगद उतरत. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. हैदराबादेत बर्फ फक्त सरबतात. पण चाकं होती, प्लायवूड माझंच होतं, आणि असलं काहीतरी करायला मिळालं तर जीव टाकतील अशी पोरं गल्लीगल्लीत होती.

रॅम्पची रचना सोपी होती. वर मचाण, मचाणावरून खाली येणारी गुळगुळीत घसरण, तिच्या शेवटाला वर वळलेला ओठ. ओठापुढे थोडी मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे उतरायचा उतार. रॅम्प अर्धा झाला असताना एक सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला म्हातारा रोज फिरायला जाताना थांबून बघायचा. तिसऱ्या दिवशी त्याने महमूदला विचारलं, मचाणावरून पलीकडचा उतार दिसतो का? महमूद वर चढून बघून आला आणि म्हणाला, नहीं दिखता साब, ओठच आडवा येतो. "मग वरच्याला कसं कळणार, आधीचा उठला की अजून पडूनच आहे?" म्हाताऱ्याने विचारलं. मला राग आला. मी म्हटलं, आजोबा, टीव्हीवर बघा, सगळं जग असंच उडतंय.

ते खरंच टीव्ही बघायला माझ्या घरी आले. तेव्हा कळलं की हे सोनकांबळे मास्तर. मूळ नांदेडकडचे, रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लहान लाइनच्या लहान लहान स्टेशनांवर नोकरी करून काचीगुड्याला निवृत्त झालेले. मी उड्या बघून टाळ्या पिटत होतो. मास्तर पुढे वाकले आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे ओठाच्या बाजूला, बर्फात, एक माणूस उभा होता. त्याने डोक्यावर हातांची फुली केली की वरची सगळी पोरं जागच्या जागी थांबत. हात खाली आले की पुढचा निघे. इतके दिवस तो मला दिसलाच नव्हता.

"हा बघा आमचा माणूस," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू परदेशात गाववाला भेटला.

मी त्यांना कामावर बोलावलं. पगाराची घासाघीस करायला मी बाह्या सरसावून बसलो होतो, पण त्यांनी मी म्हटलेला पहिला आकडा घेतला. माझी मजाच गेली. अट मात्र एक घातली: उडी कधी सुटायची हे ते ठरवणार, दुसरं कुणी नाही, मालकसुद्धा नाही. मी हो म्हणून टाकलं. एवढा स्वस्त सौदा मी आयुष्यात केला नव्हता, आणि पुढे याच्याएवढा दुसऱ्या कुठल्या सौद्यावर पस्तावलोही नाही.

दुसऱ्या दिवशी ते वेताचं एक कडं घेऊन आले. त्याला चामड्याची छोटी थैली शिवलेली, आत महमूदने कातून दिलेला लाकडी गोळा. रेल्वेत एकेरी लाइनवर असंच कडं असतं, त्यांनी मला समजावलं. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. कडं हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि त्याने ते पुढच्या स्टेशनात दिल्याशिवाय मागून दुसरी सुटत नाही. आमच्या रॅम्पवरही तेच सुरू झालं. ज्याची उडी त्याच्या खांद्यात कडं. उतरल्यावर बाजूला होऊन ते मास्तरांना द्यायचं. उतार मोकळा बघून मास्तर ते दोरीवरून वर पाठवत आणि घंटा वाजवत. घंटा झाली की पुढचा.

आणि काय दिवस होते ते! डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, गुडघ्याला पट्टे, खांद्यात कडं. घंटा व्हायची, फळ्यांवर चाकं घरघरायची, तो आवाज चढत चढत जायचा आणि ओठापाशी एकदम तुटायचा. अख्खा प्लॉट श्वास धरायचा. मग पलीकडे धाडकन चाकं टेकली की कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली माणसंसुद्धा ओरडायची. शेजारच्या गच्च्यांवरून बायका बघायच्या. मी स्वतः चाळिशीत, पोट सुटलेलं, एकदा उडी मारली. हवेत असताना मला वाटलं की मी आता कुणालाही काहीही विकू शकतो. उतरल्यावर सपशेल पडलो आणि तिथेच बसून हसत राहिलो. मास्तर वरून वाकून म्हणाले, "आधी बाजूला व्हा. लाज वाटायची असेल तर तिकडे बसून वाटून घ्या."

त्यांची अशी वाक्यं पोरांना पाठ झाली होती. उडणं तुमचं, उतरणं सगळ्यांचं. दिसत नाही म्हणजे मोकळं आहे असं नाही. रांगेत कुणी ढकलाढकल केली की, "घाई असेल त्याने बसने जावं." नव्या पोराला ते आधी चालत उतारावर नेत, हाताने फळ्या चाचपायला लावत. मग बाजूला बांधलेल्या छोट्या रॅम्पच्या ओठावरून तीन नीट उड्या. चौथी मोठ्या ओठावरून. कुणाचा बाप मोठा अधिकारी असला तरी तीन म्हणजे तीन. कुणी पडला तर हसायची बंदी नव्हती, पण आधी त्याला हात द्यायचा आणि मग हसायचं, हा क्रम ठरलेला होता.

एवढा कडक माणूस म्हणजे नोकरीत कधीतरी मोठा अपघात पाहिला असणार, असं आम्हा सगळ्यांना वाटे. महमूदने एकदा धीर करून विचारलंच. मास्तर चहा पिता पिता म्हणाले, "नाही बाबा. माझ्या पूर्ण नोकरीत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही." हे ते अशा ऐटीत म्हणाले, की दुसरा कुणी मेडल दाखवताना तेवढी ऐट करणार नाही.

आता माझं नुकसान. एका थंड पेयाच्या कंपनीचे लोक रॅम्प बघून गेले. त्यांना जाहिरात करायची होती, आणि ती आवडली तर वर्षभर रॅम्पवर त्यांचं नाव, त्यांचा पैसा, शिवाय दुसऱ्या शहरांत असेच रॅम्प माझ्याकडून बांधून घ्यायचे होते. फळ्या वाहणाऱ्या माणसाच्या दारात हे चालत आलं होतं. त्यांची मागणी एकच. पाच जणांनी एकामागोमाग, साखळीसारखं उडायचं, टीव्हीवर दिसतं तसं. मास्तरांनी एका शब्दात नकार दिला. आठ दिवस मी त्यांच्या मागे होतो. गोड बोललो, ओरडलो, पगार वाढवतो म्हणालो. ते म्हणत, दोन गाड्या एका लाइनवर नाही.

मग मला एक युक्ती सुचली, आणि मी तिच्यावर इतका खूश झालो की रात्री झोप आली नाही. मी महमूदकडून आणखी कडी करून घेतली. पाच जण, पाच कडी. चित्रीकरणाच्या सकाळी ती टेबलावर मांडली आणि मास्तरांना म्हटलं, बघा, प्रत्येकाकडे कडं आहे, थैलीत गोळाही आहे, तुमचा नियम तसूभर मोडलेला नाही.

मास्तरांनी एक कडं उचललं. थैली दाबून आतला गोळा पाहिला. महमूदच्या कामाला चांगलं म्हणाले. मग स्वतःचं कडं त्या पाचांच्या शेजारी ठेवलं, आपली घडीची खुर्ची उचलली आणि रॅम्पच्या मागे निघून गेले. मागच्या फाटकाने घरी गेले, असं मी समजलो. बरं झालं म्हटलं.

मी मचाणावर चढलो. सगळ्यांत पुढे पद्मजा होती, कोठी भागातल्या कॉलेजात जाणारी, आमच्याकडची सगळ्यांत उंच उडणारी मुलगी. मागे चार पोरं. पाचही जणांच्या खांद्यात नवी कडी. खाली बाजूला ओठाकडे रोखलेला कॅमेरा लागला, भिंतीवर पाय ठेवायला जागा नव्हती, तिथून आरडाओरडा चालला होता तो मी जल्लोष समजलो. कंपनीच्या साहेबाने मचाणाकडे बघत हात वर केला. मी ओरडलो, चलो!

पद्मजा हलली नाही. "अंकल, घंटी नहीं बजी."

आज घंटी नक्को, मी म्हटलं, सीधा जाव, सगळं मोकळं आहे. तिने ओठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बजने दो ना अंकल." मागची चार पोरं आपापल्या चाकांकडे बघायला लागली. माझं डोकं फिरलं. मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती रडकुंडीला आली, पण कठडा सोडेना.

तेवढ्यात खालून महमूदचा आवाज आला. "सेठ, रुको! नीचे मास्टरसाब बैठे हैं."

मी धावत खाली गेलो. उताराच्या बरोबर मध्यावर खुर्ची तिरकी टेकवून, एक पाय ताणून तोल सांभाळत मास्तर ओठाकडे तोंड करून बसले होते. हात गुडघ्यांवर. मी दोनशे माणसांसमोर त्यांना नाही नाही ते बोललो. कामावरून काढलं, हेही ओरडलो. ते एवढंच म्हणाले, "लाइन मोकळी नाही." साहेबाने घड्याळ पाहिलं आणि कॅमेरा पेटीत गेला. पुढे त्या कंपनीचं नाव एका सायकल शर्यतीवर झळकलं. ती शर्यत ज्या रस्त्याने गेली त्या रस्त्याने मी वर्षभर गेलो नाही.

दुसऱ्या सकाळी मास्तर नेहमीसारखे आले आणि चपला काढू लागले. तुम्हाला काढलंय, मी म्हणालो. "तोंडी ऑर्डर मी घेत नाही," म्हणाले आणि अनवाणी रॅम्पवर चढले. त्यानंतर आम्ही फक्त खिळ्यांपुरतं बोललो. पद्मजाची माफी मात्र मी मागितली. तिने ती घेतली आणि घंटेची वाट बघत मचाणावर उभी राहिली.

जमिनींचे भाव चढले, प्लॉटवर फ्लॅट आले, रॅम्पची फळी न् फळी मी विकून टाकली. मास्तर मुलीकडे नांदेडला कायमचे निघाले. जायच्या दिवशी संध्याकाळी मी काचीगुड्याच्या फलाटावर गेलो. निरोप द्यायला नाही. माझा हिशेब अडला होता. रॅम्प चालला तेवढ्या दिवसांत खरचटणं सोडलं तर कुणाला काही झालं नाही. म्हणजे मास्तर बरोबर होते की मी, हे कधी कळलंच नाही. तो पुरावासुद्धा या माणसाने मला मिळू दिला नव्हता.

ते डब्याच्या दारात उभे होते. मी सरळ विचारलं, त्या दिवशी पाच जण उडाले असते तर कुणाला लागलं असतं का?

मास्तरांनी खरंच विचार केला. "बहुतेक नसतं लागलं."

"बघा! आणि धोका होता तो तुम्हीच केलात. तुम्ही नसता बसलात तर उतार मोकळाच होता."

"होता," ते म्हणाले. "पण वरून तुम्हाला कुठे ठाऊक होतं? तुम्ही तर मोकळं आहे म्हणून ओरडलात, आणि मी तिथे होतो."

"आणि त्या पोरीने माझं ऐकून उडी मारली असती तर? तिची चाकं तुमच्या छातीवर आली असती, मास्तर."

"तिने मारली नसती."

"एवढी खात्री? एका पोरीवर?"

"घंटा मी वाजवली नव्हती," ते म्हणाले. जणू यापुढे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं, बिनतोड उत्तर होतं. मी दाराचा दांडा धरून ते बोलायला तोंड उघडलं आणि गाडीला हिसका बसला. मी दांडा सोडला नाही, बोलत बोलत बरोबर चालू लागलो. मास्तर माझं ऐकतच नव्हते. ते माझ्या पायांकडे बघत होते, मग फलाटावर पुढे, जिथे कुणाच्या तरी ट्रंका रचून ठेवल्या होत्या. त्यांनी हात डोक्यावर नेले आणि फुली केली.

"बिरादारसाहेब, मागे व्हा."

मी दांडा सोडला आणि मागे झालो.