स्वस्तातल्या तेलाची जबाबदारी

माझी नोकरी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘सिंथेटिक’ हा शब्द आमच्या लॅबमध्ये शिवीसारखा होता. सिंथेटिक म्हणजे भेसळीचं दूध. त्यामुळे बारामतीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मालकाने मोटरसायकलसाठी ‘सिंथेटिक ऑइल’ म्हणून दोन चकचकीत डबे समोर ठेवले, तेव्हा मी आधी मागेच सरकलो.

एक डबा मोठ्या कंपनीचा होता, जाहिरातीतला. दुसरा त्या दुकानाने स्वतःच्या नावाने भरून घेतलेला. किंमत जवळजवळ निम्मी. लॅबमधल्या सवयीने मी दोन्ही डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली. तेलाच्या जाडपणाचा आकडा दोन्हींवर सारखा, दर्जाचं चिन्हही सारखं. मी दुकानाचा डबा उचलला. दोन महिने कन्हेरीच्या घरून रोज डेअरीत ये-जा केली, गाडी कुरकुरली नाही.

मग मी शहाणपणा केला. अंथुर्ण्याला ताईकडे गेलो तेव्हा तसाच एक डबा दाजींपुढे ठेवून म्हणालो, “नावाचे पैसे कशाला देता? हे वापरून बघा.”

दाजींकडे माझ्यासारखीच मोटरसायकल होती. शेती करून ते दूध संकलन केंद्र सांभाळायचे. गाडीची सगळी कामं स्वतःच्या हाताने करायची, मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा.

“सिंथेटिक म्हंजी नकली न्हाय ना, पाव्हणं?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. मी हमी घेतो.”

तो शब्द मी सहज बोलून गेलो होतो.

ताई त्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला बसली होती, बाहेरून. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांची फळी होती, पण तिचं लग्न बारावीनंतर झालं आणि कॉलेज राहून गेलं. दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा पुस्तकं काढली. पहिला पेपर बारामतीच्या कॉलेजात, सकाळी अकराला.

त्या दिवशी सव्वाअकराच्या सुमारास अंथुर्ण्याकडचा दुधाचा टेम्पो डेअरीत लागला. ड्रायव्हर कॅन उतरवायचं सोडून थेट लॅबच्या खिडकीशी आला.

“तुमच्या ताईंना कॉलेजच्या गेटवर सोडून आलोय. दाजींची गाडी वाटेत सणसरच्या पुढं जाम झालीय. किकच बसंना.”

माझ्या हातातली काचेची नळी मी खाली ठेवली. इंजिन जाम होणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. पिस्टन तापून आत अडकला असणार. ताईचा पेपर चुकता चुकता राहिला होता आणि तेल मी सुचवलं होतं. साहेबांकडून अर्धी रजा घेतली, एमआयडीसीच्या फाटकासमोरच्या मिस्त्रीला मागे बसवलं आणि निघालो. वाटेत मिस्त्रीला काय काय सांगत होतो कुणास ठाऊक, तो फक्त “बघू की” म्हणत होता.

दाजी रस्त्याकडेच्या लिंबाखाली गाडीशेजारी उकिडवे बसले होते. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी नजर पुन्हा इंजिनाकडे वळवली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मिस्त्री गाडीखाली वाकला. बोटाने इंजिनाचं बूड पुसलं, बोट उन्हात धरून पाहिलं.

“तेल कवा बदललं?”

“परवा. मीच बदललं,” दाजी म्हणाले.

“खालचा बोल्ट ढिला हाय. वायसरच न्हाय त्याला.” मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. “साहेब, तेलाचा दोष कसला काढता? आत तेलच न्हाय, समदं गळून गेलंय.”

मी वाकून इंजिनाच्या बुडाला स्वतःचं बोट लावून पाहिलं.

इंजिन आतापर्यंत गार झालं होतं. मिस्त्रीने प्लग काढून भोकातून थोडं तेल सोडलं, गिअर टाकून मागचं चाक हळूहळू मागेपुढे हलवलं. बऱ्याच वेळाने चाक मोकळं फिरलं. वायसर बसवला, बोल्ट आवळला, सोबत आणलेलं तेल भरलं. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. त्याने कान लावून ऐकलं.

“आवाज आल्या आल्या बंद केली व्हय?”

“व्हय. लगीच.”

“म्हणून वाचली.”

मी दाजींना म्हणालो, “तरी माझंच चुकलं. मी उगाच हमी घेतली.”

“तेल तुमी सुचवलं. बोल्ट मी आवळला,” ते म्हणाले. मग पहिल्यांदाच हसले. “पण हे तुमच्या ताईला सांगू नका.”

दोन वाजता आम्ही दोघं कॉलेजच्या गेटवर उभे होतो. ताई बाहेर आली. तिच्या पदराला टेम्पोतल्या दुधाचा वास येत होता. पेपर कसा गेला विचारायची हिंमत आम्हा दोघांनाही होईना. तिनेच सांगितलं, “पाच मिनिटं आधी पोचले. सगळं लिहिलं.”

पुढे दोन्ही तेलं आम्ही आलटून पालटून वापरली. दुकानाचं लवकर काळं पडायचं, म्हणून लवकर बदलावं लागायचं. हिशेबात फरक उरायचा तो थोडाच. दाजी कंपनीच्या डब्याकडे वळले, मी दुकानाच्याच डब्यावर राहिलो. दोन्ही गाड्या पुढे कितीतरी वर्षं चालल्या. ताई त्या उन्हाळ्यात पास झाली आणि दाजींनी संकलन केंद्रावर आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला.